अर्धी सिगारेट
सिगारेटच्या धुरातली रसायनं तोंडात किती राहतात, याची तपासणी गेल्या हिवाळ्यात सेनगावात झाली. मी बातमीसाठी गेलो होतो. सोयाबीनच्या पोत्यांचा वास मुरलेल्या रिकाम्या गाळ्यात साखरा गावचे एक म्हातारे झुरका तोंडात धरून यंत्राच्या काचेच्या नळीत सोडत होते. ओढलेल्या धुरातून बाहेर आलेलं वजा केलं, की तोंडात राहिलेलं कळणार होतं. मध्येच त्यांनी सिगारेट तपासणाऱ्या तरुणापुढं धरली. "घ्या साहेब. एकट्यानं ओढाय जमत न्हाई. भाऊ व्हता तवर अर्धी त्याची ऱ्हायची." "नको बाबा, तुमचाच धूर मोजायचाय." "मंग जवळ तरी बसा." तरुण यंत्राकडं वळला. सिगारेट अर्ध्यावर येताच म्हाताऱ्यांनी ती विझवली. "अजून आहे की, बाबा!" "माझी झाली." उरलेली अर्धी टेबलावर राहिली. नमुना अपुरा म्हणून नोंदवला गेला.