वाणात आलेली पावडर

आमच्या मोशीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटी, चमचा, फार तर प्लास्टिकचा डबा मिळायचा. यंदा शेजारच्या सोसायटीतल्या एका मॅडमनी काय वाटलं, तर वजन उतरवायची पावडर! वर दारातच वजनकाटा मांडलेला. तिळगूळ नंतर, आधी काट्यावर चढा. “पाळी गेली ना, की चरबी पोटावरच बसते, ताई.” बसते तर बसू दे की, तुमचं काय खाते ती?

मी पाकीट तिथंच ठेवत होते, तर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हात दाबला. “आगं, वाण हाय त्ये. न्हाई कसं म्हणायचं?” पाळी बंद झाल्यापासून त्यांचं अंग सुटलं होतं. त्या काट्यावर चढल्या आणि मॅडम सगळ्यांसमोर “अरे बापरे!” म्हणाल्या. जन्मभर शेतात राबलेली बाई, तोंड एवढंसं करून खाली बघत उभी राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाकीट संपल्यावर जाऊबाईंनी मॅडमकडून डबाच विकत आणला. रोज सकाळी ग्लासभर पाण्यात पावडर, भाकरी बंद. मी ओरडले तर म्हणायच्या, झाडपाल्याचं हाय, त्यानं काय हुतंय? पुढं छातीत धडधडायला लागलं, आणि एका सकाळी ओट्यापाशीच चक्कर येऊन पडल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “बीपीच्या गोळीशिवाय आणखी काही औषध घेता का?”

“न्हाई,” जाऊबाई म्हणाल्या, अगदी खरेपणानं. वाण का कुठं औषध असतं?

मी तडक घरी जाऊन डबा आणला आणि डॉक्टरांपुढे आपटला. त्यांनी मागचं बारीक अक्षर वाचून कपाळाला हात लावला. बीपीवाल्यांनी हे घ्यायचं नाही, असं डब्यावरच छापलेलं होतं. इंग्रजीत! हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र मराठीत आलं होतं हो.

जाऊबाई वाचल्या. घरी आल्यावर मॅडम हसत हसत भेटायला हजर. पलंगाशी बसून म्हणतात कशा, “ताई, वजन मात्र उतरलंय हं!”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊबाईच उठून बसल्या. उशाशी ठेवलेला डबा त्यांनी मॅडमच्या मांडीवर ठेवला.

“वाण माघारी द्यायचं नसतं, ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “पर ह्ये न्या तुमचं.”

मग माझ्याकडं वळल्या. “आगं, भाकरी टाक. भूक लागलीया मला.”