पाठीला डिंक लागलेले फोटो

दप्तरबाईंना खोटं बोलता येत नाही, ही त्यांच्या नवऱ्याची लग्नापासूनची तक्रार. फोनवर नुसतं "ते घरी नाहीत" एवढं सांगायचं, तरी बाईंची जीभ अडखळणार आणि पलीकडच्याला कळणार की नवरा शेजारच्याच खुर्चीत बसलाय. उभा जन्म वाचनालयातल्या जुन्या कागदांच्या खात्यात गेला. निवृत्त झाल्यावर माणसानं स्वस्थ बसावं की नाही? पण बंगल्यावरून निरोप आला, "घरातले जुने फोटो, पत्रं, कागद लावून द्याल का?" आणि बाई दुसऱ्या दिवशी चष्मा पुसत दारात हजर. "दुसऱ्याचं कपाट आवरायचं म्हटलं की तुझ्या अंगात येतं," नवरा म्हणाला, "आपल्या घरात विजेचं बिल सापडेना झालंय." खोटं नव्हतं ते.

बंगला म्हणजे लहानसहान प्रकरण नाही. दोन कारखाने, शहरातली अर्धीअधिक दुकानं त्यांच्या जागेत. पण फोटोंची दशा बघाल तर रडू येईल! कपाटात कोंबलेले, पेटीत दडपलेले, काही तर बुटांच्या खोक्यात. खालच्या मजल्यावरची लांबलचक खोली बाईंना दिली. पडदे ओढलेले, मधोमध टेबल, वर एक दिवा. "दप्तरबाई" हे नाव तिथल्याच ड्रायव्हरनं पाडलं आणि ते चिकटलं.

बोलावणारे होते साहेब, घरचे आताचे कर्ते. पन्नाशीचा माणूस, आवाज कधी चढायचा नाही, खुर्ची स्वतः ओढून द्यायचे. बाईंना फार कौतुक. मला विचाराल तर इतकं गोड बोलणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, पण बाईंना कोण सांगणार?

वरच्या मजल्यावर साहेबांची आत्या राहायची. सगळे तिला आत्याबाई म्हणत. लग्न केलं नाही, बापानं अर्धा बंगला लेकीच्या नावावर करून ठेवला. साहेबांना आख्खी वास्तू विकायची होती आणि आत्याबाई सही करायला तयार नव्हत्या. "मी मेले की काय ते विका, म्हणावं," त्या बाईंना पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "या खोलीत जन्मले, या खोलीतूनच जाणार. बाळला वाटतं म्हातारी कंटाळून सही देईल. मी त्याची आत्या आहे, मीही काही कमी नाही!" पन्नाशीच्या पुतण्याला त्या अजून बाळच म्हणत.

बाईंची कामाची पद्धत ठरलेली. फोटो घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला दाखवायचा. ते माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत कार्डावर उतरवायचं. मग दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहायचं. जुळलं तर निळी खूण, नाही जुळलं तर लाल, आणि खाली स्वतःची सही. चुकीचं उत्तरही पुसायचं नाही, कारण चूक हीसुद्धा नोंदच. वाचनालयात या पद्धतीचं नाव होतं.

रोज सकाळी बाई फोटोंची थप्पी घेऊन वर जायच्या. "ये गं," आत्याबाई म्हणायच्या, "आज कुणाची मढी उकरायची?" आणि मग जी रंगत यायची! हा काका, याला घोड्यावरून पडायची हौस. ही मावशी, हिनं सासूला वठणीवर आणलं. हा मुनीम, चेहरा बघ कसा, तोंडात साखर आणि पोटात विष. बाई हसून हसून बेजार व्हायच्या आणि हसतहसत लिहायच्या. पहिले कित्येक दिवस कार्डांवर सगळ्या निळ्याच खुणा होत्या.

मग लाल खुणा सुरू झाल्या. एका फोटोतल्या मिशीवाल्याला आत्याबाईंनी थोरला मामा म्हटलं. दोन दिवसांनी तोच मिशीवाला दुसऱ्या फोटोत निघाला, तेव्हा तो धाकट्या काकांचा मेहुणा झाला. एका मुलीला आधी मावसबहीण, मग गाण्याची मास्तरीण. बाईंनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहिली. चांगली हसती-बोलती बाई, आणि आतून अशी विरत चालली? पण पद्धत म्हणजे पद्धत. बाईंनी लाल खुणा केल्या, खाली सह्या केल्या.

"आजची लाल कार्डं तेवढी देता?" साहेब संध्याकाळी यायचे आणि म्हणायचे. निळी कधी मागितली नाहीत. फोटोही घेऊन जायचे, कॉम्प्युटरवर चढवायला म्हणून. बाईंना वाटलं, काळजी असेल बिचाऱ्यांना.

एके सकाळी जिन्यात एक माणूस भेटला. टेप घेऊन आत्याबाईंच्या खोलीबाहेरची भिंत मोजत होता. बाईंनी विचारलं, कशासाठी? तो म्हणाला, "मोजायला सांगितलंय, मोजतोय." आत आत्याबाईंच्या उशाशी नोकराला बोलवायची घंटा असायची, ती जागेवर नव्हती. "दुरुस्तीला नेली," त्या म्हणाल्या. "बाळ म्हणतो, शनिवारी डॉक्टर येणार आहे. डोक्याचा. मला काय धाड भरलीय?"

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या खाली आल्या आणि त्या दिवशीची नवी थप्पी त्यांनी पालथी घालून पाहिली. जुन्या कागदांत मुरलेला माणूस फोटो आधी पाठीकडून बघतो, आणि बाई इतके दिवस गप्पांच्या नादात ते विसरल्या होत्या. या घरातले फोटो खोक्यांत पडण्याआधी अल्बममध्ये कागदी कोपऱ्यांत बसवलेले, म्हणून पाठी कोऱ्या, स्वच्छ. आणि थप्पीतल्या काही फोटोंच्या पाठीला मात्र डिंक, त्याला चिकटलेले तपकिरी कागदाचे तुकडे. कुणाच्या तरी भलत्याच अल्बममधून ओरबाडून काढलेले. मिशीवाला त्यांच्यातच पुन्हा निघाला. तो या घरचा मामा नव्हता की मेहुणा नव्हता. कुठल्या रद्दीच्या दुकानातून विकत आणलेला परका माणूस होता तो!

बाईंनी तो फोटो उचलला. त्या तशाच वर गेल्या. "आत्याबाई, खरं सांगा, या माणसाला तुम्ही ओळखता?"

आत्याबाईंनी फोटो हातात घेतला, ओशाळल्या. "नाही गं. पण तसं म्हणायचं कसं? आमच्या आईची शिस्त होती. दारात आलेल्याला 'ओळखलं नाही' म्हणायचं नाही, त्याच्यासारखा दुसरा अपमान नाही. आपला असेल तर जन्माचा दुखावतो. काहीतरी नातं लावायचं आणि बसा म्हणायचं. इतकी माणसं या घरात राबता करून होती, असेल कुणीतरी, असं वाटायचं मला."

आता बोला! म्हातारीचं डोकं शाबूत होतं, आडवे आले ते संस्कार. आणि पुतण्याला हे लहानपणापासून ठाऊक. म्हणून तर त्यानं ही युक्ती काढली. दप्तर लावायचं हे निमित्त, त्याला हव्या होत्या म्हाताऱ्या बाईच्या चुका, तटस्थ माणसाच्या हातच्या, सहीनिशी. डॉक्टरनं एकदा लिहून दिलं की आत्याबाईंच्या सहीची गरजच उरत नव्हती. त्यांना कुठल्याशा आश्रमात धाडायचं की झालं. केसानं गळा कापला मेल्यानं, आणि केस बाईंनी पुरवला.

बाईंनी सगळं सांगून टाकलं. आत्याबाईंनी फोटो पालथा करून डिंकावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अंगाखांद्यावर खेळवलं गं मी त्याला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बाईंनी त्यांचा हात धरला. "रडू नका. शनिवारी तो परके फोटो पुढे करेल. तुम्ही नातं लावायचं नाही. शंका आली की सरळ सांगायचं, ओळखलं नाही. आईंची शिस्त एक दिवस बाजूला ठेवा."

"ठेवते," आत्याबाई म्हणाल्या. "एवढं जमेल मला." दाराबाहेर अजून टेप सरकत होती, तिकडे दोघींचं लक्ष नव्हतं.

डिंकाचे फोटो डॉक्टरांना दाखवायचे असं ठरवून बाईंनी तो मिशीवालाही परत थप्पीत ठेवला होता. पण दुसऱ्या दिवशी पाहतात तर थप्पीतून नेमके तेवढेच गायब. "कॉम्प्युटरवर चढवायला गेलेत," साहेब म्हणाले आणि त्यांनी बाईंना खुर्ची ओढून दिली. बाई बसल्या नाहीत.

शनिवारी सकाळी आत्याबाईंच्या खोलीत डॉक्टर बसले. तरुण, सभ्य माणूस. मांडीवर लाल कार्डांचा गठ्ठा. साहेबांनी खिशातून पाकीट काढून फोटो डॉक्टरांच्या हाती दिले आणि बाईंनी लांबूनच ओळखलं की ते सगळे खरे होते. कोऱ्या, स्वच्छ पाठीचे.

डॉक्टरांनी पहिला पुढे धरला. खुर्चीत बसलेल्या आत्याबाईंच्या आई. हा फोटो याच खोलीतल्या अल्बममधला.

आत्याबाईंनी तो निरखला. एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मान ताठ करून म्हणाल्या, "ओळखलं नाही."

बाई पुढे झाल्या. "आत्याबाई, नीट बघा—"

"मध्ये बोलू नका," डॉक्टर म्हणाले.

दुसरा फोटो, तीनचाकी सायकलवरचा गुटगुटीत पोरगा. "हा मी आहे आत्या," साहेब हळूच म्हणाले, डोळे टिपत. "ओळखलं नाही." तिसऱ्यात दोन वेण्यांची मुलगी भावाचा हात धरून उभी, म्हणजे त्या स्वतःच. "हिलाही नाही." डॉक्टर लिहीत गेले.

"डॉक्टर, थांबा!" बाई ओरडल्याच. "त्यांना सगळं आठवतं. मीच त्यांना सांगितलं होतं ओळखलं नाही म्हणायला!"

"तुम्ही त्यांना उत्तरं शिकवून ठेवली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

इथं नाही म्हणायचं होतं. कुणीही म्हटलं असतं. बाईंची जीभ अडखळली. "हो, पण ते वेगळ्या फोटोंसाठी... आधीचे फोटो परके होते, पाठीला डिंक होता..."

"कुठे आहेत ते?"

बाई साहेबांकडे बघायला लागल्या. "बाईंनी आत्याला फार जीव लावलाय," साहेब म्हणाले. "पण कार्डं त्यांच्याच हातची आहेत. सह्या बघा." डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं ते कीव केल्यासारखं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि साहेबांबरोबर बोलत बाहेर पडले. जिन्यात सामान न्यायला आलेल्या माणसांचे आवाज येत होते.

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. आत्याबाईंनी त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि कानाशी वाकल्या. चेहरा नुसता फुलला होता.

"आईसारखी हुबेहूब बाई कुठून शोधून आणली गं मेल्यानं! अगदी तीच बसायची ढब. पोटात तुटलं माझ्या. पण मी एकदाही फसले नाही, पाहिलंस ना?"