प्लास्टरवाल्या आजोबांची सही

डब्लिनच्या टॅला उपनगरात मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते, त्याच्या मागच्या अंगणात एका रविवारी दुपारी मी वाऱ्याचा आवाज रेकॉर्ड करत उभी होते. कॉलेजचा गृहपाठच होता तो. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला माइक आणि माइकवर ते करडं केसाळ आवरण. भिंतीपलीकडून एक म्हातारा आवाज आला, "पोरी, पाऊस येतोय. ते मेलेलं मांजर भिजवू नकोस."

मी दचकलेच. त्या केसाळ आवरणाला ‘मेलेलं मांजर’ म्हणतात, हे फक्त सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांना ठाऊक. मला स्वतःला कळून महिना झाला नव्हता. टाचा उंचावून पाहिलं तर शेजारचे ऐंशीच्या घरातले आजोबा दोरीवरचे कपडे काढत होते. तुम्हाला कसं माहीत, असं विचारलं. "लंडनबाहेरच्या स्टुडिओंत तीस वर्षं भिंती बांधल्या मी," ते म्हणाले, "सगळ्या खोट्या."

आयर्लंडात बसून ब्रिटिश सिनेमाचा उद्योग कशाला शिकायचा, असं माझ्या वडिलांनी नागपूरहून फोनवर दहा वेळा विचारलं होतं. कारण साधं होतं. इथल्या कितीतरी लोकांची चूल त्या उद्योगावर पेटते. तिकडची मंडळी शूटिंगला इकडे येतात, इकडचे कारागीर पिढ्यानपिढ्या तिकडे जातात. आमच्या एमएला त्यावर अख्खा एक विषय होता. मास्तर हुशार होते, पण शिकवायचे काय, तर दिग्दर्शक, निर्माते, स्टुडिओंचे मालक. मी वहीभर नावं उतरवून घेतली होती. त्या वहीत भिंत बांधणारा एकही माणूस नव्हता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आजोबांनी मला चहाला बोलावलं आणि मग मी दर रविवारी जायलाच लागले. इथल्या रीतीप्रमाणे लहानथोर सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला काही ते जमेना. तोंडाने मी कशीबशी वेळ मारून न्यायचे, मनात मात्र ते आजोबाच. एकोणिसाव्या वर्षी ते इंग्लंडला गेले. आधी घरांना गिलावा केला, मग कुणाच्या तरी ओळखीने स्टुडिओत शिरले. किल्ल्याच्या भिंती, गुहा, राजवाड्याचे खांब, सगळं प्लास्टरचं. साचा कसा करायचा, ओतायचं कधी, वर शेवाळं आल्यासारखं कसं रंगवायचं, हे ते हातवारे करून सांगत. चार महिने खपून उभा केलेला किल्ला शूटिंग संपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडे घालून फोडायचे आणि कचऱ्याच्या ट्रकात भरायचे. "वाईट नाही वाटायचं?" मी विचारलं. ते म्हणाले, "किल्ल्याचं नाही वाटायचं."

वाटायचं ते नावाचं. सिनेमा लागला की ते बायकोला घेऊन जात आणि अगदी शेवटपर्यंत बसत. दिवे लागायचे, झाडूवाली यायची, तरी पडद्यावर नावं सरकत असायची. त्यांच्या खात्याच्या मुकादमाचं नाव यायचं, बाकीच्यांचं नाही. बायको दरवेळी म्हणायची, पुढच्या वेळी येईल हो. तीस वर्षांत आलं नाही, आणि एके दिवशी बायकोही गेली. हे सांगताना ते रडले वगैरे नाहीत. बिस्किट चहात बुडवलं आणि मला म्हणाले, "तुझ्या सिनेमात माझं नाव येईल का गं?"

"सगळ्यात आधी तुमचंच," मी म्हटलं. परीक्षेसाठी करायची वीस मिनिटांची माझी फिल्म, पण मी असं ठणकावून सांगितलं की जणू माझ्या घरचाच स्टुडिओ आहे. ते उठले, खणातून कागद काढला आणि मोठ्या अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव लिहून दिलं. म्हणाले, "चुकू नये म्हणून." मी त्या क्षणी ठरवलं की फिल्म यांच्यावरच करायची, आणि पदवी मिळो न मिळो, हे नाव पडद्यावर जाणार.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. आमच्या मास्तरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, आधी कागद, मग कॅमेरा. ज्या माणसाला दाखवायचं, त्याची संमतीच्या फॉर्मवर सही हवी. सही नसेल तर फिल्म कुणाला दाखवायची नाही, परीक्षेलासुद्धा लावायची नाही. फॉर्म माझ्या पिशवीत होता. पण बसल्या बसल्या चहा येतोय, आजोबा आपलं अख्खं आयुष्य माझ्यापुढे मांडताहेत आणि मी कागद पुढे सरकवून म्हणू, इथे सही करा? माझा हातच पुढे होईना.

आमच्या घरात सहीची एक घाण कहाणी आहे. आईच्या काकांना दवाखान्यात ठेवलं होतं, धड शुद्धही नव्हती, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाने घराच्या कागदांवर त्यांची सही घेतली. त्यावरून दोन भाऊ आजही एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाहीत. आमच्याकडे ‘त्याने म्हाताऱ्याची सही घेतली’ एवढं म्हटलं की माणसाची किंमत कळते. हे डोक्यात घेऊन मी डब्लिनला आले होते. मास्तरांना हे कुठल्या तोंडाने सांगणार?

माझ्यासोबत राहणारी मैत्रीण पुण्याची, सॉफ्टवेअर कंपनीत. तिला असल्या गोष्टींचं काही नाही. दर रविवारी मी परत आले की ती लॅपटॉपवरची नजर न काढता विचारायची, "सही झाली?" मी बूट काढत बसायचे. "म्हणजे तू आज परत फक्त चहा पिऊन आलीस." मी चिडायचे. तुम्हा पुणेरी लोकांना माणूस कळत नाही, कागद कळतो, असंही बोलून गेले एकदा. ती हसली आणि म्हणाली, "कळेल तुला."

शेवटी एकदा मी धीर केला. बेसनाचे लाडू नेले होते, त्या डब्याखाली फॉर्म ठेवला आणि कसंबसं पुटपुटले की कॉलेजचं एक आहे, घाई नाही. आजोबांनी कागद उलटसुलट केला. चष्मा सापडेना. "ठेव तिथे प्रेसवर, बघतो नंतर. ग्रँड," म्हणाले. ग्रँड म्हणजे ठीक आहे, आणि प्रेस म्हणजे इथलं कपाट. मी फॉर्म कपाटावर ठेवला आणि सुटले एकदाची. पुढे जवळजवळ दोन महिने तो तिथेच होता. दर रविवारी मला दिसायचा. मोठा माणूस ‘बघतो’ म्हणाला, की परत विचारायचं म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं होतं, मागे लागल्यासारखं होतं. मी विचारलं नाही. आणि त्यांना, मला आज खात्रीने वाटतं, दुसऱ्याच दिवशी त्या कागदाची आठवणही राहिली नसणार. तेवढ्या रविवारांत त्यांचं नऊ तासांचं शूटिंग झालं. एका शब्दाने विचारलं असतं तर दहा सेकंदांत सही झाली असती.

एका गुरुवारी सकाळी त्यांच्या दारात अँब्युलन्स दिसली. अर्धांगाचा झटका. वाचा गेली, उजवा हात गेला. फिल्म द्यायला तीन आठवडे उरले होते. मी मास्तरांकडे धावले. ते म्हणाले, वाईट झालं, पण सहीशिवाय मी काही करू शकत नाही, त्यांच्या घरच्यांशी बोल. घरचे म्हणजे एकच मुलगी, तासाभरावरच्या मलिंगार गावी राहणारी. तिला मी एकदाच ओझरतं पाहिलं होतं. तिच्यापुढे जाऊन काय सांगू? की तुमचे वडील इथे मरणाच्या दारात आहेत आणि मला माझी फिल्म द्यायची आहे? छे! हेही मला जमेना. साधं सरळ जे करायचं ते मला कधीच का जमत नाही, देव जाणे.

मग मी जे केलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही, त्या पुण्याच्या मैत्रिणीलाही नाही.

हॉस्पिटल घरापासून चालत दहा मिनिटांवर. दुपारची भेटीची वेळ. पिशवीत नवा कोरा फॉर्म. आजोबा टेकून बसवलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला ओळखलं त्यांनी, डावा हात थोडा उचलला. मी त्यांना म्हटलं, तुमचं नाव पडद्यावर यायला हवं ना, मग एवढं करा. कळलं की नाही, कुणास ठाऊक. त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. फॉर्म मी जेवणाच्या फिरत्या टेबलावर ठेवला, पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं. ते गळून पडलं. परत दिलं. परत पडलं. मग मी त्यांची मूठ माझ्या हातात धरली आणि लहान मुलाला पाटीवर गिरवायला लावतात तशी ओढायला लागले.

पहिलं अक्षर झालं. दुसऱ्याला त्यांनी हात आखडला. जोर नव्हताच त्यात, पण आखडला, मला स्पष्ट जाणवला. आणि मी थांबले नाही. हे लिहायला मला जड जातंय, पण खरं तेच आहे. मी मूठ आणखी घट्ट धरली. मी आईच्या त्या चुलतभावाच्या जागी उभी होते आणि मला ते कळत होतं, कळूनही मी तिसरं अक्षर काढत होते.

"काय चाललंय इथे?" त्यांची मुलगी दारात उभी होती, हातात चहाचे दोन कप.

मी हात सोडला. काहीतरी बरळले. त्यांनाच हवं होतं, त्यांचं नाव, त्यांनीच सांगितलं होतं. तिने कप खाली ठेवले, फॉर्म उचलला, सावकाश सगळा वाचला. ओरडली असती तर बरं झालं असतं. आवाजही न चढवता ती म्हणाली, "असाच एक कागद त्यांच्या घरी प्रेसवर पडलाय. तारीख बघितली मी त्यावरची. सही करायची असती तर केली असती ना त्यांनी?"

तो कागद माझ्या भिडस्तपणामुळे पडून राहिला, त्यांची ना नव्हती, हे खरं होतं. पण दोन मिनिटांपूर्वी त्यांचा हात पिरगाळताना जिला पाहिलं, तिचं कोण ऐकेल? मी तिच्या जागी असते तर मीही ऐकलं नसतं. मी पिशवी उचलली. दारापाशी पोचले तेव्हा ती मागून म्हणाली, "मला विचारायचंस. मी लगेच दिली असती सही."

घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दोन दिवसांनी तिचा ईमेल आला, चार ओळींचा. वडिलांचा चेहरा, आवाज, नाव यांतलं काहीही कुठेही वापरायचं नाही. कुठेही, हे तिने दोनदा लिहिलं होतं. मी उत्तर पाठवलं, हो. माफी मागितली त्यात, पण ईमेलमधल्या माफीला काय अर्थ असतो.

परीक्षेला मी दुसरंच काहीतरी दिलं. कालव्यावरच्या बदकांची आठ मिनिटं. मास्तरांनी ध्वनी चांगला आहे असा शेरा दिला आणि मी पास झाले.

आजोबा जानेवारीत गेले. इथे कुणी गेलं की अख्खी गल्ली घरी जाते, रांगेने घरच्यांचा हात हातात घेऊन ‘तुमच्या दुःखात सहभागी आहे’ म्हणते आणि पुढे सरकते. मीही रांगेत उभी राहिले. मुलीने माझा हात घेतला, बाकीच्यांना म्हणत होती तेच मला म्हणाली, "आलात, आभारी आहे." राग नाही, काही नाही. मला वाटतं तिने मला ओळखलंसुद्धा नसेल, किंवा ओळखून सोडून दिलं असेल. निधनाच्या बातमीत ‘निवृत्त प्लास्टर कारागीर’ एवढंच आलं होतं. स्टुडिओंचा, सिनेमाचा उल्लेखही नव्हता.

आता मी डब्लिनच्या दक्षिणेला, विकलोला शूटिंगवर असते, इंग्लंडहून आलेल्या एका मोठ्या ब्रिटिश मालिकेच्या ध्वनिविभागात. शिकाऊ म्हणून असले तरी नावं सरकतात तेव्हा त्यात माझं नाव येतं. वडिलांनी टीव्ही थांबवून त्याचा फोटो काढला, सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मला मेलं त्याच्याकडे बघवलं नाही. ते नऊ तास माझ्याकडे आहेत. पुसून टाकायला हवेत हे कळतं, हात होत नाही, आणि लावून बघायचा धीरही होत नाही.

हे सगळं लिहायला बसले तेव्हा पहिल्याच ओळीत त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं. वाटलं, पडदा नाही तर नाही, निदान कागदावर तरी एकदा येऊ दे, मराठीत का होईना. मग तिचं ते दोनदा लिहिलेलं ‘कुठेही’ आठवलं. सकाळभर त्या ओळीकडे बघत बसले आणि शेवटी मी माझ्या हाताने ते नाव खोडलं.