सपाट रेषेला शॉक देत नाहीत

बंगळुरूतल्या बनशंकरी भागातल्या त्या चार मजली इमारतीत संध्याकाळी साडेसातला दुसऱ्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला की शेजारीपाजारी समजून जायचे, वसुअक्कांची हॉस्पिटलवाली मालिका लागली.

"अरे बाबा, मास्क नाकावर घे की! नाक काय दाराबाहेर ठेवून आलास?"

"ती सलाइनची बाटली कॉटच्या खाली कोणी ठेवली? रक्त नळीत उलटं येईल ना!"

शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान पुरुषोत्तम शेंगा सोलत बसलेले असत. बँकेतून निवृत्त झालेला शांत माणूस. ते एकदा म्हणाले, "वसू, अडतीस वर्षं त्याच कामात काढलीस. आता घरी बसूनही तेच बघायचं?"

"तिथं बघायला वेळ कुठं होता?" वसुअक्का म्हणाल्या. "पेशंटची नाडी बघायची की त्याच्या बायकोचा चेहरा? इथं चेहरा बघायला मिळतो."

वसुमती चौगुले मूळच्या निपाणीच्या. घरात मराठी, शाळेत कन्नड, दोन्ही भाषा तोंडात सारख्याच घोळलेल्या. बेळगावात नर्सिंग करून बाविसाव्या वर्षी त्या बंगळुरूच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात लागल्या आणि २०२३ साली तिथूनच निवृत्त झाल्या. शेवटची अकरा वर्षं आकस्मिक विभागात. त्यांच्या हाताखालून किती पेशंट गेले याचा हिशोब त्यांनी कधी ठेवला नाही, पण कुठल्या कॉटचं चाक अडतं आणि कुठल्या ऑक्सिजनच्या नळाला दोन आटे जास्त द्यावे लागतात, हे आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

त्या नोकरीला लागल्या तेव्हा आईनं दोन महिने बोलणं टाकलं होतं. परक्या माणसांची घाण काढायला लेकीला एवढं शिकवलं का, असं तिचं म्हणणं. मग सत्त्याऐंशी साली नर्सेस होस्टेलच्या हॉलमध्ये टीव्ही आला. त्या काळी दूरदर्शनवर हॉस्पिटलची एखादी गोष्ट लागली की चाळीस मुली सतरंजीवर दाटीवाटीनं बसायच्या, मागं खुर्चीत मेट्रन. पडद्यावरच्या डॉक्टरचा कोट इस्त्री केलेला, पेशंट भलंमोठं भाषण करून मग प्राण सोडणार. मुली आधी खो खो हसायच्या आणि पाच मिनिटांनी पदराला डोळे पुसायच्या. तशीच एक गोष्ट निपाणीत शेजाऱ्यांकडे आईनंही पाहिली आणि तिचं पत्र आलं. "परवा टीव्हीत तुमचं इस्पितळ दाखवलं. पांढऱ्या कपड्यातली पोर पेशंटला धीर देत होती. सगळ्या गल्लीला सांगितलं, आमची वसू तिथंच असते." ते इस्पितळ लेकीचं नव्हतंच. वसुअक्कांनी ती चूक कधी दुरुस्त केली नाही. पत्र मात्र ट्रंकेत जपून ठेवलं.

पुढं केबल आली. इंग्रजी मालिकांतून डॉक्टर धावत धावत बोलू लागले. त्यांचं अर्धं बोलणं कळत नसे, पण हात कळायचे. मग रोजच्या कौटुंबिक मालिकांचा काळ आला. त्यात आजार कुठलाही असो, पट्टी कपाळालाच, आणि आयसीयूत रेशमी साड्या नेसून अख्खं खानदान हजर. आणि आता मुलगी देवश्री व्हाइटफील्डच्या कंपनीतून घरी येताना कॅबमध्ये फोनवर कोरियन डॉक्टर बघते. वसुअक्कांनी यातलं काही म्हणता काही सोडलं नाही.

एके दिवशी देवश्रीनं आईचं ते टीव्हीशी भांडण गुपचूप फोनवर टिपलं आणि ऑफिसातल्या मैत्रिणीला पाठवलं. त्या मैत्रिणीचा चुलतभाऊ दयानंद नेमका एका नव्या कन्नड मालिकेचा दिग्दर्शक निघाला, आणि मालिका होती हॉस्पिटलवरची. आठवड्याभरात तो घरी हजर. बेळगावजवळच्या खानापूरचा माणूस, त्यामुळे कन्नडमधून सुरू झालेलं बोलणं चहा यायच्या आत मराठीवर आलं.

"अक्का, तुम्ही आमच्या सेटवर या. टीव्हीला जे सांगताय ते आम्हाला तोंडावर सांगा," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "खरं सांगा, लोक हॉस्पिटलच्या गोष्टी का बघत असतील? दुखणं बघायला कोणाला आवडतं?"

वसुअक्कांना विचार करावा लागला नाही. "मी दाराच्या आत असायची. बाहेर बाकड्यावर घरची माणसं. दार उघडलं की सगळे माना लांब करून आत बघायचे. आत काय चाललंय ते नुसतं कळलं तरी निम्मी भीती जाते हो. तुम्ही त्यांना ते दार उघडून देता. म्हणून म्हणते, आत खोटं दाखवू नका."

दयानंदनं ते वाक्य फोनमध्ये लिहून घेतलं.

सेट होता विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीच्या पुढं, एका मोठ्या शेडमध्ये. आजूबाजूला निम्मी द्राक्षबाग आणि निम्मे नव्या प्लॉटांच्या हद्दीचे दगड. डोक्यावरून विमान गेलं की ध्वनिवाला हात वर करायचा आणि सगळे आहेत तिथं थांबायचे. आत मात्र आयसीयू असं हुबेहूब उभं केलं होतं की वसुअक्कांचा हात सवयीनं दाराजवळ सॅनिटायझर शोधू लागला. भंगारातून आणलेला व्हेंटिलेटर होता, मॉनिटरवर लॅपटॉपमधून हिरवी रेष पळत होती.

पहिल्या दिवशी त्यांनी नायकाच्या कानातला स्टेथोस्कोप काढून उलटा फिरवून घातला. "असा घातलास तर काही ऐकू येणार नाही, राजा." मग त्यांनी कॉटवरची चादर ओढून काढली आणि चारी कोपरे दुमडून पुन्हा घातली. एक सुरकुती नाही. प्रकाशयोजनेची माणसं हातातलं काम सोडून बघत राहिली. कोणीतरी टाळी वाजवली तशा त्या संकोचल्या, पण घरी येऊन पुरुषोत्तमांना ही गोष्ट दोनदा सांगितली.

खरा प्रसंग उभा राहिला तो दुसऱ्या महिन्यात. पटकथेत लिहिलं होतं : मॉनिटरवरची रेष सपाट होते. नर्स वन ट्रे घेऊन घाबरून उभी. डॉक्टर धावत येतो, शॉक देतो, पेशंट उसळतो, डोळे उघडतो.

वसुअक्कांनी कागद खाली ठेवला. "सपाट रेषेला शॉक देत नाहीत."

"अक्का, सगळीकडं तसंच दाखवतात," दयानंद म्हणाला.

"दाखवू देत. हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तर शॉक. रेषच सपाट झाली तर छाती दाबायची, औषध द्यायचं. तिथं शॉकचा काही उपयोग नाही."

"पण शॉक दिला की प्रेक्षक खुर्चीतून उठतो हो!"

"प्रेक्षक उठेल. पेशंट उठणार नाही."

कॅमेऱ्यामागचे चौघे हसले. दयानंद हसला नाही. चॅनेलनं पान मंजूर केलेलं, नायकाच्या तारखा संपत आलेल्या. "स्वल्प, जरा समजून घ्या, अक्का. गोष्ट आहे ही."

"बरं, गोष्टच सांगा मला," वसुअक्का म्हणाल्या. "डॉक्टर धावत येतो म्हणता. कुठून येतो?"

"खालच्या मजल्यावरून."

"म्हणजे दोन-तीन मिनिटं गेली. तेवढ्यात पेशंटजवळ कोण आहे?"

दयानंदनं पान चाळलं. पेशंटजवळ नर्स वन होती. हातात ट्रे घेऊन.

"आमच्यातली कुठलीही पोर ट्रे घेऊन उभी राहणार नाही. ट्रे जमिनीवर पडेल आणि तिचे हात छातीवर असतील. अडतीस वर्षं आम्ही हेच केलंय. तुम्हाला ते दाखवायचं नसेल तर माझं नाव काढून टाका."

त्या पर्स उचलून शेडच्या बाहेर जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. राग नव्हता. इस्पितळात त्यांनी मोठमोठ्या डॉक्टरांना नम्रपणे चूक दाखवली होती, पण काम सोडते असं कधी कोणाला म्हटलं नव्हतं.

दहा मिनिटांनी नर्स वन बाहेर आली. तिचं खरं नाव पवित्रा. तुमकुरूहून आलेली, नाटकात काम केलेली चोवीस वर्षांची मुलगी. कन्नडमधून म्हणाली, "अक्का, सर विचारतायत, ते छाती दाबणं करून दाखवाल का? आधी बघतो म्हणाले. आणि मलाही शिकायचंय."

जिवंत नटाची छाती खरोखर दाबता येत नाही, बरगड्या मोडतील. वसुअक्कांनी ओळखीच्या नर्सिंग कॉलेजातून शिकवण्याचा पुतळा मागवून घेतला. तो यायला दुपार झाली. मग एकसष्ट वर्षांच्या वसुअक्कांनी पदर खोचला, पायाखाली लाकडी पाट घेतला, कोपरं ताठ केली आणि सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. मोजणी मराठीत. सगळी नोकरी कन्नडमध्ये झाली, पण ही मोजणी मात्र कायम निपाणीचीच राहिली. खांद्यातून जोर, छाती पूर्ण वर येऊ द्यायची, पुन्हा दाब. दोन मिनिटं त्या थांबल्या नाहीत. पुतळ्याच्या आतली स्प्रिंग खटखट वाजत होती. बाहेरून विमान गेलं, पण ध्वनिवाल्याचा हात वर गेला नाही. तो वसुअक्कांकडंच बघत होता.

थांबल्या तेव्हा कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी पवित्राला पुढं घेतलं. पोरीचे हात चाळीस सेकंदांत भरून आले.

"एवढं जड असतं हे?" तिनं धापा टाकत विचारलं.

"म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. एकटीनं ओढायचं काम नव्हे हे. कोपर वाकवू नकोस. हं, आता बरोबर."

 दयानंदनं पान फाडलं आणि फोन काढून चॅनेलवाल्यांशी बोलायला कोपऱ्यात गेला. परत आला तो एवढंच म्हणाला, "सरी, ठीक आहे. दोन मिनिटं, एकच शॉट, संगीत नाही. कॅमेरा पवित्राच्या पाठीमागून, म्हणजे पुतळा कळणार नाही. डॉक्टर शेवटी येईल."

"आणि तिचं नाव काय?" वसुअक्कांनी विचारलं.

"कोणाचं?"

"या नर्सचं. छातीवर बिल्ला आहे, तो कोराच आहे. चाळीस भाग झाले, पोर बिननावाची हिंडतेय."

दयानंदनं पवित्राकडं पाहिलं. पवित्रा खाली बघत होती. "तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

वसुअक्का म्हणाल्या, "श्यामला." नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्यांनी त्यांचे हात धरून छाती दाबायला शिकवलं, कोपर वाकलं की फुटपट्टीनं टोचलं, त्या सीनियर सिस्टरचं ते नाव. कलाविभागानं तिथल्या तिथं बिल्ला छापला. पवित्रानं तो लावला आणि आरशात जाऊन दोनदा बघून आली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी वसुअक्कांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रेष सपाट झाली, ट्रे खणकन पडला, श्यामला सिस्टरचे हात छातीवर आले. संगीत नाही. नुसता श्वास आणि मोजणी. आणि काय आश्चर्य, पवित्रानं मोजणी मराठीत केली होती! वसुअक्कांनी शिकवली तशी, एक, दोन, तीन, चार. चुकून झालं की मुद्दाम, कोणास ठाऊक; दयानंदनं तेच ठेवलं होतं. त्या दिवशी टीव्हीशी कोणी भांडलं नाही. पुरुषोत्तमांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. शेवटी ते हळूच म्हणाले, "वसू, हे तू रोज करत होतीस?"

"रोज नाही हो. आठवड्यातून दोन-तीनदा," त्या म्हणाल्या.

भाग संपता संपता फोन सुरू झाले. जुन्या वॉर्डातल्या मुली ड्यूटी रूममध्ये जमून बघत होत्या; एकच फोन सगळ्यांत फिरला. "अक्का, टीव्हीत पहिल्यांदा आपल्यातल्या कोणीतरी काहीतरी केलं!" मैसुरूहून खुद्द श्यामला सिस्टरचा फोन आला, वय ऐंशी. नावाबद्दल एक अक्षर नाही. म्हणाल्या, "पोरीची कोपरं ताठ होती. बरं शिकवलंस." वसुअक्का फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.

आता दयानंदच्या कंपनीनं त्याच शेडमध्ये प्रसूती विभागाचा दुसरा सेट बांधलाय. वसुअक्कांनी लेबर वॉर्डातून निवृत्त झालेल्या दोन मैत्रिणींना सोबत घेतलंय. आठवड्यातून दोनदा तिघी एकाच कॅबमधून देवनहळ्ळीला जातात आणि वाटेत जुन्या गोष्टींवर इतक्या हसतात की ड्रायव्हर आरशात बघत राहतो. नवीन लेखकांना दयानंदनं सांगून ठेवलंय, सिस्टरांनी वाचल्याशिवाय पान सेटवर येणार नाही. कालच एका पानावर लिहिलं होतं : बाळ जन्मतं, सगळे हसतात. वसुअक्कांनी लाल पेनानं समासात लिहिलं, "आधी बाळ रडू द्या. ते रडेपर्यंत खोलीत कोणी हसत नाही."

नवीन लेखकांतली विद्या, अवघी पंचविशीची, ते वाचून त्यांच्याजवळ येऊन बसली. "अक्का, ते रडेपर्यंत काय होतं, सांगाल?"

वसुअक्कांनी मैत्रिणींकडं पाहिलं. तिघींनी खुर्च्या जवळ ओढल्या आणि सांगायला सुरुवात केली.