सुईत काय होतं

बेबीनंदाच्या गावात औषध वेगळं आणि सुई वेगळी. गोळ्या म्हणजे औषध. ते दोन दिवस घ्यायचं आणि मग डब्यात विसरायचं. सुई म्हणजे ताकद. वाटूर फाट्यावरून आत असलेल्या त्या गावात सुई न देता पेशंटला वाटेला लावणारा डॉक्टर आठवडाभरही टिकला नसता, आणि बद्रीनाथ डॉक्टर तर चांगलाच टिकून होता. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बाया कामावर जाण्याआधी त्याच्या ओट्यावर बसलेल्या असत. कंबर धरली, सुई. कणकण आली, सुई. बेबीनंदाने तर जन्मभर त्या सुयांवरच मजुरी केली. आत काय असतं हे तिने कधी विचारलं नाही. विचारायचं कशाला? डॉक्टरला कळतं म्हणून तर तो डॉक्टर.

तिच्या लेकीने मात्र विचारायला हवं होतं, असं आता दिल्लीचे साहेब म्हणत होते.

लेकीचं नाव पायल. पंधराशे मीटर पळायची. बाप साहेबराव ट्रकवर असायचा, आला तर आला, त्यामुळे पोरीला पळू द्यायचं की नाही हे बेबीनंदानेच ठरवलं. सुरुवातीला पारावरची पोरं, "कोणाच्या मागं पळून राह्यली गं?" म्हणून दात काढायची. बेबीनंदा एकदा कामावरून येताना विळ्यासकट पारावर जाऊन बसली. नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून पारावरचे दात आत गेले. पुढे पायल जालन्याला राधेश्याम सरांकडे सरावाला राहिली, राज्यात पहिली आली, आणि त्याच पोरांनी वेशीत तिचा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर पायलपेक्षा त्यांचेच फोटो मोठे होते, पण बेबीनंदाने तेही गोड मानून घेतलं.

देशपातळीच्या स्पर्धेला निघण्याआधी पायल घरी आली ती तापाने फणफणलेली. बेबीनंदा तिला बद्रीनाथ डॉक्टरकडे घेऊन गेली. घेऊन गेली कसली, ओढून नेली.

"माय, सरांना विचारू दे आदी," पायल म्हणाली.

"सर काय डॉक्टर हायेत?"

पायलने फोन लावला, तो लागला नाही. सुई लागली. संध्याकाळी ताप उतरला, पोरगी दोन भाकरी जेवली, आणि बेबीनंदाला फार बरं वाटलं. पायल तिसरी आली. शर्यत संपल्यावर तपासणीसाठी लघवी घेतली, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, इतक्यात काही औषध घेतलंस का? पायलने 'नाही' म्हणून सांगितलं. खोटं बोलली नाही ती. गोळी घेतलीच नव्हती.

तपासणीत स्टेरॉइड निघालं. शर्यतीच्या काळात ते चालत नाही. राधेश्याम सर स्वतः गावात आले आणि बेबीनंदाला समजावून सांगू लागले. दिल्लीच्या साहेबांपुढे सुनावणी होईल, दोन वर्षांची बंदी येईल. पण तापासाठी सुई मीच दिली, पोरीला काही माहीत नव्हतं, असं डॉक्टरने सुनावणीत सांगितलं, तर काही महिन्यांवर भागेल. दोन वर्षांत पळणाऱ्या पोरी कुठल्या कुठे निघून जातात, आणि जी मागे राहते ती राहतेच.

म्हणजे सगळं एका माणसाच्या एका वाक्यावर आलं होतं. आणि तो माणूस हाकेच्या अंतरावर राहत होता.

"बेबीताई, मी व्हिटॅमिनच दिलं असंल," बद्रीनाथ डॉक्टर म्हणाला.

"काय दिलं ते तुमालाच ठावं. ताप व्हता म्हणून दिलं, येवढं दिल्लीच्या साहेबांना फोनवर सांगा."

डॉक्टरने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्याची डिग्री कसली, हे गावाने कधी विचारलं नव्हतं. दिल्लीने विचारलं असतं. संध्याकाळी फ्लेक्सवाली मंडळी बेबीनंदाच्या दारात. "डॉक्टरला गोत्यात आणू नको. त्याचा दवाखाना बंद झाला, तर रातच्याला कोणाकडं जायचं? पोरगी काय, पुढच्या साली पळंल."

बेबीनंदाच्या अंगाची आग आग झाली. पुढच्या साली म्हणे! या लोकांना पळणं म्हणजे गावची जत्रा वाटत होती. तरी ती रोज दवाखान्यात जाऊन बसू लागली, आणि शेवटी कंटाळून डॉक्टर म्हणाला, "बरं, बोलतो."

सुनावणी मोबाइलवर होती, जालन्यात, सरांच्या खोलीत. डॉक्टरचा फोन बंद. पुन्हा लावला, बंद. पायल खाली मान घालून बसलेली. मग बेबीनंदाच पडद्यापुढे सरकली.

"सुई म्या द्यायला लावली साहेब. पोरगी नको म्हणत व्हती."

"सुईत कोणतं औषध होतं?" साहेबांनी विचारलं. आवाज चांगला होता त्यांचा, सभ्य. त्याचाच तिला जास्त राग आला.

"ताकदीचं," ती म्हणाली.

दोन वर्षं. पदकही गेलं. जिला ताप आला होता तीच गुन्हेगार ठरली, आणि बाकी सगळे बिनबोभाट आपापल्या कामाला लागले. अपिलाची मुदत होती तोवर डॉक्टर लग्नाला म्हणून बाहेरगावी होता. कसलं लग्न इतकं लांबलं, कोण जाणे. तो परतला तेव्हा मुदत उलटून गेली होती. पायल आता आईबरोबर कापूस वेचायला येऊ लागली. हात तिचा भरभर चालायचा. सकाळी पळायला मात्र उठायची नाही.

अशात शेजारच्या चांगुणाबाईला ताप भरला. घरात कोणी नव्हतं, म्हणून बेबीनंदाच तिला धरून दवाखान्यात घेऊन गेली. बाकडी भरलेली होती. डॉक्टरने सुई भरली, तशी बेबीनंदा म्हणाली, "ह्यात काय हाय, डॉक्टर?"

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. डॉक्टर वैतागला.

"तेच हाय, जे तुझ्या पोरीला दिल्तं. स्टेरॉइड हाय. ताप उतरतो त्यानं. झालं बराबर?"

बाकड्यांवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. कोणी मोबाइलमध्ये डोकं घातलं, कोणी खाली फरशीकडे पाहू लागलं. फ्लेक्सवालाही होता त्यांत एक. जे वाक्य मिळवायला बेबीनंदाने त्या दवाखान्याचे उंबरठे झिजवले होते, ते असं फुकट, सगळ्यांदेखत मिळालं, आणि आता त्याचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता.

"हे तव्हा का न्हाई बोलले?" तिने विचारलं.

डॉक्टर कापसाचा बोळा भिजवत होता. उत्तर चांगुणाबाईनेच दिलं.

"बेबे, मंग भांड त्याच्याशी. आदी मला सुई घेऊ दे. उभं राहवंना."

तिचे पाय खरंच लटपटत होते. बेबीनंदाने तिला दोन्ही दंडांना घट्ट धरलं, आणि डॉक्टरची सुई टोचून होईपर्यंत ती तशीच धरून उभी राहिली.