साळवे बाईंचे केस उजवीकडेच का तुटत होते

सरांनी फ्लॅट आयर्न तापायला ठेवली होती आणि साळवे बाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. केरॅटिनची बाटली माझ्या हातात होती. फ्लॅट आयर्न म्हणजे केस दाबून सरळ करायचा तापता चिमटा. केरॅटिन केसांना लावायचं आणि या चिमट्याने दाबून बसवायचं. केस काही महिने गुळगुळीत राहतात. दणकट केस असतील तर राहतात. बाईंचे दणकट नव्हते.

बाई बदनापूरच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या. वय सहासष्ट. केस कमरेच्या खाली, जवळजवळ सगळे पांढरे आणि इतके बारीक की एकटा केस उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हता. कधी डाय लावलेला नाही. मी जालन्यात बावीस वर्षं पार्लरचं काम करते. या वयात असे लांब केस मी बोटावर मोजण्याइतके पाहिलेत. बाकीच्या बायका पंचेचाळिशीतच "मेन्टेन होत नाही" म्हणून खांद्यापर्यंत कापून मोकळ्या होतात.

सर म्हणजे आमच्या सलूनचे मालक. वय एकतीस. आधी मोबाइलचं दुकान होतं. मग पुण्याला जाऊन कसलासा कोर्स केला आणि येताना एक कॅमेरा आणला. पेनासारखा कॅमेरा, डोक्याला टेकवला की टीव्हीवर डोक्याची कातडी दिसते. इतकी मोठी करून दाखवली तर कोणाचीही कातडी भयंकरच दिसणार. एकदा सर जेवायला गेले तेव्हा मी तो स्वतःच्या डोक्याला लावून बघितला. मीही घाबरले. बाईंच्या डोक्यावर कॅमेरा फिरवून सर म्हणाले होते, "रूट्स वीक आहेत, हेअर फॉल आहे." आलेल्या प्रत्येकीच्या रूट्स वीकच असायच्या.

बाईंनी सोबत एक कागदाची पुडी आणली होती. महिन्याभरात गेलेले केस. मुख्याध्यापिकेची सवय, पुरावा घेऊन आलेल्या. सरांनी ती उघडलीही नव्हती. मी उघडली.

इथे एक गोष्ट सांगते, घरी कोणालाही बघता येईल. केस गळतो तेव्हा मुळापासून सुटतो. त्याच्या एका टोकाला बारीकसा पांढरा ठिपका असतो. केस तुटतो तेव्हा तो ठिपका नसतो, कारण मूळ डोक्यातच राहिलेलं असतं. गळणं हा डोक्याचा प्रश्न, तुटणं हा केसाला मिळणाऱ्या वागणुकीचा. बाईंच्या पुडीतले बहुतेक तुकडे वीतभर लांबीचे होते आणि ठिपका जवळजवळ कशालाच नव्हता. कॅमेरा रूट्स बघत बसला होता आणि रूट्सची काही तक्रारच नव्हती.

मी पुडीतला त्यातल्या त्यात लांब केस घेऊन ओला केला आणि हलकेच ताणला. चांगला केस थोडा लांबतो आणि परत येतो. हा लांबला नाही, तुटला. दुसरा आयर्नमध्ये धरला. तो पिवळा पडला आणि मधूनच गेला. याला स्ट्रँड टेस्ट म्हणतात. आधी एका केसावर करून बघायचं, मग डोक्यावर. कोर्समध्ये हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. सरांचा कोर्स बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झाला असावा.

"सर, हे केस आयर्न सहन करणार नाहीत," मी म्हणाले.

"टेम्परेचर कमी ठेवा."

"कमी ठेवलं तर केरॅटिन बसत नाही. बसेल एवढं ठेवलं तर केस तुटतात."

"मॅडम, तुम्ही टेक्निशियन आहात. कन्सल्टेशन माझं झालंय."

मी तो पिवळा तुकडा बाईंच्या तळहातावर ठेवला आणि बाटलीचं झाकण लावलं. बाईंनी तुकड्याकडे बघितलं. मला वाटलं त्या सुटकेचा श्वास सोडतील. पण त्यांचा चेहरा उतरला. "थोडेसे तरी गुळगुळीत झाले असते तर बरं होतं," त्या हळूच म्हणाल्या. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. मी सरांवर मात केल्याच्या आनंदात होते.

त्या आठवड्यात सरांनी मला केसांच्या खुर्चीवरून काढून थ्रेडिंगला बसवलं. बावीस वर्षांच्या अनुभवाचा उपयोग भुवया कोरायला.

त्या पहिल्या दिवशी जाताना बाईंना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं. वय वाढलं की डोक्यातून तेल कमी सुटतं, केस बारीक होतो, कोरडा होतो. शेंडा तर कित्येक वर्षांपूर्वीचा असतो. त्याच्याशी जुन्या रेशमी साडीसारखं वागायचं. दिवसा रबरबँड बंद, आकड्यांनी सैल अंबाडा घालायचा, तोही रोज एकाच जागी नाही. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवायचं. ओले केस बांधायचे नाहीत. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, म्हणून धुतल्यावर शेवटचा तांब्या साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा घ्यायचा. शेंड्यांना दोन थेंब खोबरेल. रात्री मोकळे सोडून झोपायचं नाही आणि घट्ट वेणीही नाही. सैल वेणी, आणि उशीला सॅटिनचा अभ्रा. सुती अभ्र्यावर बारीक केस घासला जातो, सॅटिनवर घसरतो. हाच अभ्रा सर काचेच्या कपाटात "नाइट केअर किट" म्हणून ठेवतात. बाईंचे मिस्टर टेलर होते, घरात अस्तराचं सॅटिन पडलेलं होतं. बाईंनी स्वतः शिवून घेतला.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या. हातात पुडी. पहिलीपेक्षा थोडी लहान, पण पुडीच.

सरांना आनंद झाला. काउंटरवरूनच म्हणाले, "घरगुती उपायांनी असंच होतं."

बाई सरळ माझ्या थ्रेडिंगच्या खुर्चीत येऊन बसल्या. मी त्यांचे केस सोडले. डावी बाजू छान होती. नवीन तुटलेलं काही नव्हतं. उजवीकडे मात्र कानामागून टाळूपर्यंत आखूड केस उभे राहिले होते, उंदराने कुरतडल्यासारखे. हे मला पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं. मी बाटलीवरून मालकाशी भांडण्यात इतकी रमले होते की डोकं नीट बघितलंच नाही. सरांना हसणाऱ्या मला हे कबूल करायला आजही जड जातं.

अंबाड्याने तुटले असते तर दोन्हीकडे तुटले असते. उशीचं म्हणावं तर बाई डाव्या कुशीवर झोपायच्या. चष्म्याची दोरी नव्हती, कानातलं अडकण्यासारखं नव्हतं.

"बाई, केस कोण विंचरतं?"

"मीच. दुसरं कोण विंचरणार?"

मी त्यांच्या हातात रुंद दातांचा कंगवा दिला आणि म्हटलं, दाखवा. बाईंनी केस पुढे घेतले, शेंड्यापासून सुरुवात केली, गुंता बोटांनी सोडवला, मग थोडं वर, मग आणखी वर. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींपेक्षा चांगलं. असं विंचरणाऱ्या बाईचा केस विंचरून तुटत नाही.

मी आरशात त्यांच्याकडे बघत राहिले. काही बोलले नाही. वर्गात हीच युक्ती त्यांनी कित्येक वर्षं केली असणार, त्यामुळे त्यांना ती लगेच ओळखू आली.

"साहेब विंचरतात," त्या म्हणाल्या. साहेब म्हणजे मिस्टर.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. साळवे काकांना वर्षभरापूर्वी पॅरालिसिसचा अॅटॅक आला. उजवी बाजू गेली. पाय बराच सुधारला, हात अर्धवट. फिजिओथेरपीवाल्याने रबरी चेंडू दिला होता, तो काकांनी खिडकीबाहेर फेकला. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेला माणूस चेंडू दाबत बसायला तयार नव्हता. एक दिवस बाई केस विंचरत असताना ते म्हणाले, "आण इकडं." तेव्हापासून रोज सकाळी ते कॉटवर बसायचे, बाई खाली पाटावर, आणि काका उजव्या हाताने त्यांचे केस विंचरायचे. दिवसभरात तो हात एवढ्याच कामाला उचलला जायचा. पण हाताला पकड आली होती, स्पर्श आला नव्हता. किती जोरात ओढतोय हे त्यांना कळतच नव्हतं. मागे बसून उजव्या हाताने वरून खाली, सगळा जोर उजव्या बाजूला.

"दुखत नाही का?" मी विचारलं.

"दुखतं. पण सांगितलं तर हात पुन्हा मांडीवर ठेवून बसतील."

केरॅटिन त्यांना एवढ्यासाठी हवं होतं. केस गुळगुळीत झाले की कंगवा अडणार नाही, काकांना समजायचंही नाही. तेही जमलं नाही तर बाई केस मानेपर्यंत कापायला तयार होत्या. पण मग विंचरायला राहिलं काय? बाई तिथेच अडल्या होत्या. आणि मी त्यांना उशीच्या अभ्र्यावर व्याख्यान दिलं होतं.

सोमवारी सलून बंद असतं. मी काळीपिवळी जीपने बदनापूरला गेले. बाईंनी आधीच बजावलं होतं, काकांना काही कळू द्यायचं नाही, नवीन पद्धत शिकवायला आले म्हणून सांगायचं. मी तसंच सांगितलं. काका कॉटवर बसले होते. बोलणं थोडं जड, नजर मात्र धारदार. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या हातानं तुटून राह्यले का केस?"

बाई माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होत्या. मला खोटं बोलता आलं असतं. सलूनमध्ये रोज ऐकतेच. पण त्या माणसाला खोटं चाललं नसतं.

"हो काका. उजवीकडचे."

त्यांनी कंगवा कॉटवर ठेवला. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. बाई उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. माझ्या मनात आलं, सर निदान केसच जाळणार होते.

काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, रिळाचा दोरा गुंतला तर तुम्ही वरून ओढून सोडवायचे का?"

त्यांनी माझ्याकडे इतक्या तुच्छतेने बघितलं, तितक्या तुच्छतेने मी सरांकडेही कधी बघितलं नव्हतं.

"वरून ओढला तर तुटंल न्हाई का? तो टेलर हाय का खाटीक? गुंत्याच्या वर धरायचं बराबर, अन् खालून सोडवायचं. वरच्या दोऱ्याला कळलंबी न्हाई पाहिजे."

"धरायचं कोणत्या हाताने?"

ते उत्तर द्यायला गेले आणि थांबले. डाव्या हाताची दोन बोटं हवेत चिमटीसारखी धरली. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

पार्लरमध्ये आम्ही नेमकं हेच करतो. केस गुंत्याच्या वर एका हाताने पक्का धरायचा, दुसऱ्या हाताने खाली विंचरायचं. ओढ धरलेल्या हातापर्यंत येते, मुळापर्यंत जात नाही. काकांचा डावा हात धडधाकट होता. ओढ किती लागतेय ते डाव्याला कळणार होतं आणि काम उजवाच करणार होता. मी हे समजावून सांगायला तोंड उघडलं.

"कळलं मला," काका म्हणाले. मग आत बघून जरा मोठ्याने, "आवो बाई, या इकडं. अन् मला सांगायचं न्हाई का आधी? डोकं काय पोराच्या पाटीसारखं खरवडू देत होत्या मला?"

बाई येऊन पाटावर बसल्या. काकांनी डाव्या हातात बट धरली. पहिल्या बटेला बराच वेळ लागला. उजवा हात दोनदा घसरला, कंगवा खाली पडला. बाईंनी तो उचलून दिला, मागे न बघता. मी शिकवायला गेले होते, पण मला कोणी काही विचारलं नाही. चहा पिऊन मी निघाले.

पुढच्या महिन्यात पुडी आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. सहा महिन्यांत उजवीकडचे आखूड केस कानाखाली आले. लांबीची बरोबरी व्हायला काही वर्षं लागतील, या वयात केस तसाही सावकाश वाढतो. सगळे परत येतीलच असं मी बाईंना सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. काकांची बोटं इतकी सुधारली की ते वेणीचे तीन पेड घालायला लागले. सुई अजून धरता येत नाही.

बाई शेंडे सारखे करायला आल्या, त्या दिवशी सरांनी त्यांच्या वेणीचा मागून फोटो काढला. चार दिवसांनी तो मोठा करून सलूनच्या भिंतीवर लागला, खाली "अवर केरॅटिन रिझल्ट". पुढच्या खेपेला बाईंनी तो बघितला, चष्मा पुसला आणि सरांना जवळ बोलावलं.

"याच्या खाली लिहा, केस आमच्या साहेबांनी विंचरले. नाहीतर फोटो काढून टाका."

आवाज चढला नव्हता. फोटो संध्याकाळपर्यंत भिंतीवरून उतरला. सरांनी त्या जागी कॅलेंडर लावलं.

आमच्या कन्सल्टेशनच्या फॉर्मवर स्ट्रेस, डाएट, झोप, कोणता शाम्पू, सगळ्याला रकाने आहेत. केस कोण विंचरतं याला नाही. मी तोंडी विचारते. बहुतेक बायका म्हणतात, "मीच की." मग मी त्यांच्या हातात कंगवा देते आणि बघत उभी राहते.