कपबशीच्या रिक्षातला आवाज

अंबरनाथला शिवमंदिराकडच्या आमच्या गल्लीत निवडणूक आली, की मी म्हणजे एक बडं प्रस्थ असायचो. एरवी कारखान्यात साधा सुपरवायझर. पण संध्याकाळी रिक्षात बसून माईक हातात घेतला, की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत यायची. पक्षबिक्ष मी कधी पाहिला नाही. जो रिक्षा, माईक आणि दोन वडापाव देईल, तो त्या दिवशी आपला लाडका नेता.

असाच एक अपक्ष होता. चिन्ह कपबशी. त्याला माझी कॅसेट हवी होती. दुपारी गल्ली शांत असते म्हणून आमच्याच स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर मांडला. मी छाती फुगवून सुरू केलं, "सकाळी उठल्यावर काय लागतं? कपबशी! पाहुणा आल्यावर काय लागतं? कपबशी! मग नगरपालिकेत कोण पाहिजे?" इथे मी नाटकी श्वास घेतला, आणि नेमकी कुकरने चौथी शिट्टी मारली.

"आई, कुकर बंद कर गं!"

हेही कॅसेटवर गेलं. कुणी पुन्हा ऐकलंच नाही. उल्हासनगरचा सिंधी दुकानदार, ज्याच्याकडून भोंगे भाड्याने यायचे, त्याने धडाधड प्रती काढल्या. वर म्हणतो, "साईं, आवाज एकदम कडक है!" मग पंधरा दिवस गल्लोगल्ली एकच गजर. नगरपालिकेत कोण पाहिजे? आई, कुकर बंद कर गं! उमेदवार पडला. आई मात्र भाजीबाजारात प्रसिद्ध झाली. "काय आजी, केला का बंद?" असं भाजीवाल्याही विचारायच्या. ती चिडल्यासारखं करायची आणि मनातून खूश असायची.

घरात आम्ही दोघंच. मतदानाला आई माझा दंड धरून चालत जायची, गुडघे कितीही कुरकुरले तरी. त्या दिवशी उमेदवारांच्या रिक्षा दारात उभ्या राहत, "चला आजी, सोडतो," म्हणत. आई कुणाच्याही रिक्षात बसायची नाही. "ज्याच्या रिक्षात बसायचं त्यालाच मत द्यावं लागतं. नाहीतर ते बेईमानीचं होतं," हा तिचा कायदा. आणि मत कुणाला दिलं हे तिने मला एकदाही सांगितलं नाही. मीही नाही.

पुढच्या निवडणुकीच्या वर्षी कंपनीने मला इंग्लंडमधल्या एका गावी दोन वर्षांसाठी धाडलं. इकडे अंबरनाथची निवडणूक, आणि महिन्याभराच्या आत तिकडचीही. राष्ट्रकुलातला म्हणून भारतीय पासपोर्टवरही तिथे मत देता येतं हे कळल्यावर मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो.

पण कसली ती निवडणूक! भोंगा नाही, बॅनर नाही, फटाके नाहीत. दाराच्या फटीतून एक पत्रक आत सरकायचं, तेही घाबरत घाबरत. एका शनिवारी एक म्हातारी बाई दारात आली. कोटावर पक्षाच्या रंगाचं रिबिनीचं फूल, हातात मतदारांची यादी. अत्यंत अदबीने म्हणाली, "आमच्या उमेदवाराला मत द्याल का?"

अंबरनाथमध्ये याचं उत्तर एकच असतं. मी हात जोडून म्हणालो, "अहो, हे काय विचारणं? तुम्हालाच!"

पुढच्या दोन शनिवारी दुसरे दोन पक्ष आले. त्यांनाही मी, "तुम्हालाच!" आपल्याकडे हे सगळ्यांनाच म्हणतात. ऐकणाराही हसून पुढे जातो, कुणी खरं मानत नाही. हे लोक खरं मानतात! तिघांनीही माझ्या नावापुढे खूण केली. कारखान्यातल्या एका तिथल्याच सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो पांढरा पडला. "तू तिघांशी खोटं बोललास?" मी म्हटलं, "खोटं नाही रे, पाहुणचार." त्याला काही पटलं नाही.

माझा जीव मात्र आईत अडकलेला. ती मतदानाला जाणार कशी? ताई सासरी बदलापूरला, आणि तिथेही त्याच दिवशी मतदान. फोनवर आई म्हणाली, "चालवत नाही रे आता. रिक्षात बसणार नाही. राहू दे यंदा." वडील गेले त्या वर्षीही तिने मत चुकवलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी अंबरनाथला संध्याकाळ झाली असेल असा अंदाज घेऊन फोन लावला.

"दिलं मत," आई म्हणाली.

"गेलीस कशी?"

"रिक्षाने."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

मला कळेना. मग तिने सांगितलं. तो अपक्ष पुन्हा उभा होता. नशिबाने चिन्हही तेच मिळालं, म्हणून कंजूषाने जुनीच कॅसेट काढली होती. पंधरा दिवस माझा आवाज गल्लीतून फिरत होता, आणि प्रत्येक वेळी आई दाराशी येऊन उभी राहत होती.

"आज कपबशीची रिक्षा दारात आली. रिक्षावाल्याला म्हटलं, लाव ती कॅसेट, मग बसते. तो म्हणतो, आजी, आज प्रचार बंद, पोलीस उचलतील. भोंगा काढलेला होता. मग त्याने आतल्या आत बारीक आवाजात लावली. मी आणि तो, दोघंच ऐकत गेलो."

"मग मत कपबशीला?"

"गप बस," आई म्हणाली. मग हळूच विचारलं, "तुझा आवाज तेव्हा केवढा मोठा होता रे. फोनवर असा बारीक का येतो?"

तीन आठवड्यांनी मीही मत दिलं. चर्चच्या सभागृहात, दोरीला बांधलेल्या पेन्सिलने. बाहेर येऊन बोट पाहिलं. कोरं. शाई नाही, की कुणी ओळखीचं नाही. रस्त्यावर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता, तेवढाच काय तो जल्लोष.

घरी येऊन कुकर लावला. चौथी शिट्टी झाली. मी खिडकी उघडली, छाती भरून श्वास घेतला आणि अंबरनाथच्या आवाजात ओरडलो, "आई, कुकर बंद कर गं!"

समोरच्या घरात पडदा जरासा हलला. मी हात जोडून नमस्कार केला, आणि मग आत जाऊन कुकर स्वतःच बंद केला.